कापूसवाले, मीठवाले आणि तिसरी घंटा

लग्नाच्या पंगतीत शेजारी नवखी बाई बसली, की दुसऱ्या जिलबीपर्यंत ती विचारतेच, "ताई, तुम्ही काय करता?" या प्रश्नाची मी वाटच बघत असते. तोंडातला घास नीट गिळते, पाण्याचा एक घोट घेते आणि शांतपणे सांगते, "मी उंदरांना तंबाखूची सवय लावते."

पुढचा देखावा मला फार आवडतो. काही जणी हसतात, काही जणी हळूच खुर्ची सरकवतात. एकीने तर अगदी मनापासून विचारलं होतं, "चुना लावून देता का?"

चुना नसतो. खरं म्हणजे तंबाखूही नसते. तंबाखूतलं निकोटीन असतं, पाण्यात मिसळलेलं, उंदराच्या वजनाप्रमाणे मोजून सुईने पोटात दिलेलं. बुऱ्हाणपूरच्या बाहेर, केळीच्या बागा जिथे सुरू होतात तिथे आमचं औषधशास्त्राचं खाजगी कॉलेज आहे. त्याच्या मागच्या बाजूला एक बुटकी पांढरी इमारत आहे, ते प्राणीगृह. त्याची मी प्रमुख. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा वाघ-हत्ती बघायला मिळतील असं वाटलं होतं. आयुष्य काढलं ते तळहातावर मावणाऱ्या पांढऱ्या उंदरांबरोबर. पण सांगते, वाघ सांभाळणं सोपं असेल. वाघाला निदान थंडी वाजत नाही, मे महिन्यात कूलर बंद पडला म्हणून तो जीव सोडत नाही, आणि त्याच्या शेपटीवर पिवळ्या रंगाची खूण करून त्याला ओळखावं लागत नाही.

आमच्याकडे येणारी माणसंही एकेक नमुना. विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे विषय मी दारावरच्या फळ्यावर हिंदीत लिहून ठेवते. एकदा लिहिलं होतं, 'चूहों में निकोटीन के प्रति सहनशीलता का विकास.' संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना कॉलेज दाखवत तिथे आले, थांबले, आणि 'निकोटीन' हा शब्द डोळ्यांआड करून बाकीचं वाचलं. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ते भाषणात म्हणाले, "आज तरुण पिढीत सहनशीलता उरली नाही. पण आपल्या संस्थेत उंदरांनासुद्धा संस्कार दिले जातात." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

यात अध्यक्षांची चूक फारशी नाही, शब्दाचीच आहे. शास्त्रात सहनशीलता म्हणजे सोशिकपणा नव्हे. पहिल्या दिवशी जेवढ्या मात्रेने माणूस आडवा झाला, तेवढ्याच मात्रेने महिन्याभरानंतर त्याला काहीच न होणं, म्हणजे सहनशीलता. आपण साध्या मराठीत म्हणतो, अंगवळणी पडलं.

हे मला सगळ्यात छान कुणी समजावलं असेल तर दापोऱ्याच्या प्रल्हादभाऊंनी. केळीचे मोठे बागायतदार, गालात कायम तंबाखूची गोळी. त्यांची मुलगी रोशनी आमच्याकडे एम.फार्म. करायला आली, आणि तिने विषय घेतला नेमका हा. तिला सोडायला पहिल्या दिवशी भाऊ स्वतः आले होते. मी विचारलं, "भाऊ, पहिल्यांदा खाल्ली तेव्हा काय झालं होतं?"

"काय सांगू ताई! केळीचे घड कापून राहिलो होतो. कोणी तरी चिमूटभर दिली. घाम फुटला, हातपाय गार पडले, अन् तिथंच खोडाले धरून बसलो. मले वाटलं, आता मले घडासारखं ट्रॅक्टरवर टाकून नेतात."

"आणि आता?"

"आता पुडी संपते, पण काही होत नाही. नाही खाल्ली तर होते." मग गंभीर होऊन म्हणाले, "अन् तुम्हाले उंदीर लागत असतील तर आमच्या बागेत मोठाले आहेत. फुकट घेऊन जा."

"बाबा!" रोशनी ओरडली. "ते उंदीर नाही चालत. यांचं सर्टिफिकेट असतं."

"उंदराले सर्टिफिकेट?" भाऊंनी मुलीकडे अभिमानाने बघितलं. "मग शीक बेटा. चांगली लाइन आहे."

हातपाय गार पडले, हे भाऊंचं वाक्य लक्षात ठेवा. उंदराचंही तेच होतं. निकोटीनची सुई दिली की पंधरा-वीस मिनिटांत त्याचं अंग कित्येक अंशांनी थंड होतं. तो पोट जमिनीला टेकवून पसरतो आणि 'आमचं संपलं' असा चेहरा करतो. बारीक थर्मामीटरने तापमान घ्यायचं आणि लिहायचं. काही आठवड्यांनी त्याच सुईने तो जेमतेम थंड होतो, मिशा साफ करतो आणि आपल्याकडे 'झालं का?' असं बघतो. आत काय बदललं? आमचा सगळा खेळ या प्रश्नाचा.

मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर असतात. शरीर स्वतःच एक रसायन बनवून एका पेशीचा निरोप दुसरीला पाठवतं, आणि तो निरोप ऐकणारे हे कान. निकोटीन हुबेहूब त्या निरोप्याचा आवाज काढतं. पण शरीराचा निरोप्या बोलून लगेच निघून जातो. निकोटीन उंबऱ्यावर ठाण मांडून ओरडत राहतं.

सिंधीपुऱ्यात माझी एक मैत्रीण आहे. तिच्या भिंतीला लागून यंत्रमाग चालतात. मी गेले की पहिला चहा होईपर्यंत मला तिचे फक्त ओठ हलताना दिसतात. तिला मात्र तो खडखडाट ऐकूच येत नाही. रिसेप्टरचं तसंच होतं. सतत ओरडा ऐकून ते बधिर होतात. मग मेंदूला वाटतं, कान कमी पडताहेत, आणि तो आणखी रिसेप्टर उभे करतो. ते बधिर कान शुद्धीवर येतात आणि निकोटीन मिळत नाही, तेव्हा ती शांतताच बोचायला लागते. मैत्रीण सांगते, वीज गेली आणि माग थांबले की त्यांच्या घरातली सगळी माणसं दचकून उठतात. भाऊंचं 'नाही खाल्ली तर होते' म्हणजे हेच.

रोशनीला दाखवायचं होतं की सवय लागते ती या रिसेप्टरमधूनच. त्यासाठी तिने उंदरांचे तीन गट केले. पहिल्याला नुसतं निकोटीन. दुसऱ्याला आधी रिसेप्टर बंद करणारं औषध आणि मग निकोटीन, म्हणजे कानात कापूस घालून मागांच्या गल्लीत नेल्यासारखं. तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी, तुलनेसाठी. प्रबंधात त्यांना गट एक, दोन, तीन म्हटलंय. प्राणीगृहात आम्ही म्हणायचो, निकोटीनवाले, कापूसवाले आणि मीठवाले. निवडणुकीतले पक्ष वाटावेत असे.

तिचा तर्क सरळ होता. शेवटच्या चाचणीत कापूसवाल्यांना कापूस न घालता निकोटीन द्यायचं. त्यांच्या रिसेप्टरने निकोटीन कधी ऐकलेलंच नाही, तर त्यांना सवय लागलेली नसणार, ते नवख्यासारखे गार पडणार. निकोटीनवाले मात्र ऊबदार राहणार. आणि तिच्या आकड्यांत अगदी तसंच आलं होतं.

आता घंटेबद्दल. माझं बालपण जवळच्या कागद कारखान्याच्या वसाहतीत गेलं. बाबा जळगावकडून तिथे नोकरीला आलेले. वसाहतीत महाराष्ट्रातली पुष्कळ कुटुंबं, आणि गणपतीत मराठी नाटक झालंच पाहिजे असा दंडक. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून तोंडाला रंग लावत आले. नाटकाआधी तीन घंटा होतात. तिसरी झाली की मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि पडदा वर. ती तिसरी घंटा माझ्या अंगात इतकी मुरलीय की प्राणीगृहात आल्यावर मी राजघाटावरच्या दुकानातून एक पितळी घंटा आणली आणि तोच नियम लावला. पहिली घंटा, पिंजरे टेबलावर. दुसरी, वजनं घ्या, सुया भरा. तिसरी, मोबाइल बंद, तोंड बंद, सुई द्या. विद्यार्थी आधी हसतात. मग त्यांच्या लक्षात येतं की गडबडीत सुई चुकीच्या उंदराला जात नाही ती या घंटेमुळे. तिन्ही गटांचा कारभार याच घंटेवर चालायचा.

या कामाची एक बाजू पंगतीत सांगत नाही, इथे सांगते. प्रयोग संपला की उंदीर घरी जात नाहीत. नियमाप्रमाणे, कमीत कमी त्रास होईल अशा पद्धतीने त्यांचा शेवट करावा लागतो, आणि ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. त्या दिवशी मला जेवण जात नाही. इतकी वर्षं झाली, पण हे काही माझ्या अंगवळणी पडलं नाही, आणि पडू नये असंच वाटतं. म्हणूनच आकड्यांशी कुणी खेळ केलेला मला खपत नाही. ज्या जिवाकडून आकडा घेतला, त्याचा निदान आकडा तरी खरा राहावा. प्रत्येक बॅचला मी हे सांगते. बहुतेक जण मान डोलावतात. रोशनीने ऐकलं होतं.

तर परीक्षेचा दिवस. बाहेरचे परीक्षक इंदूरहून आले. मूळ घरचे मराठी, शिक्षण परदेशात, आवाज मऊ आणि प्रश्न टोकदार. त्यांनी आधीच कळवलं होतं की शेवटची चाचणी मला डोळ्यांसमोर करून दाखवा. आमचे प्राचार्य आतिथ्याच्या बाबतीत मागे हटत नाहीत. पाहुण्यांना उंदरांच्या वासात कसं बसवायचं? म्हणून त्यांनी चाचणी सभागृहात ठेवली. एसी, टेबलांवर झालरीचे कपडे, दारात गुलाबपाणी. तिन्ही गटांतले अर्धे उंदीर आम्ही पिंजऱ्यांसकट तिथे नेले. मी घंटा पिशवीतून काढली, तसे प्राचार्य कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आज नाटक नको. प्लीज."

मी घंटा पिशवीत टाकली. मोठ्या नटाला रंगमंचावरून खाली उतरवलं की जसा चेहरा होतो, तसा करून कोपऱ्यात उभी राहिले. मागच्या रांगेत प्रल्हादभाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते. परीक्षकांशी 'रोशनीचे वडील' अशी ओळख झाली होती, आणि गालातली गोळी आज नव्हती.

रोशनीने सुया दिल्या. हात स्थिर होता. वीस मिनिटांनी ती तापमान घेऊ लागली आणि तिसऱ्या उंदराला तिचा हात थांबला. निकोटीनवाले गार पडत होते. एकामागून एक, पोट टेकवून पसरत होते, जणू आयुष्यात पहिल्यांदाच निकोटीन मिळालं असावं. कापूसवाले गार, निकोटीनवाले गार. दोन गटांत फरकच उरला नव्हता, आणि त्या फरकावर तर तिचा प्रबंध उभा होता.

परीक्षकांनी दोन्ही आकडे पाहिले आणि मऊ आवाजात इंग्रजीत बोलले. त्याचा अर्थ असा, की आज हे दोन्ही गट सारखे आहेत, मग प्रबंधातला फरक आला कुठून? ते आकडे उंदरांनी दिले, की तुम्ही घरी बसून लिहिले?

सभागृहातली हवा गेली. नापास होणं वेगळं. एकदा 'आकडे बनवणारी' असं नाव पडलं, की या क्षेत्रात कुणी दारात उभं करत नाही. रोशनीचे ओठ पांढरे पडले होते.

प्राचार्य मदतीला धावले. "सर, एसी! एसीमुळे उंदीर गार पडले असतील."

सुटकेची वाट आयती समोर आली होती. फक्त मान हलवायची होती. रोशनी म्हणाली, "नाही सर. एसी नाही. मीठवाले पण इथेच आहेत, त्यांना आज पण मिठाचंच पाणी दिलंय, ते गरम आहेत."

माझ्या मनात आलं, अगं बाई, होडी आली होती, तूच भोक पाडलंस! पण छाती अशी भरून आली म्हणून सांगू!

"मीठवाले कोण?" परीक्षकांनी विचारलं. आता ते मराठीवर आले होते.

"गट तीन, सर." मग ती एकदम माझ्याकडे वळली. तिचे डोळे माझ्या पिशवीवर होते. "मॅडम, आज घंटा नाही झाली."

कुणी तरी खुदकन हसलं. परीक्षक हसले नाहीत. "कसली घंटा?"

तिने सांगितलं, थोडं मराठीत, थोडं हिंदीत, श्वास न घेता. निकोटीनवाल्यांना प्रत्येक वेळी तिसऱ्या घंटेनंतरच सुई मिळाली आहे. घंटा झाली की आता थंडी येणार, हे त्यांच्या मेंदूला कळतं, आणि शरीर आधीच ऊब धरून तयार राहतं. आज ना घंटा, ना ती खोली. सुई अचानक आली. "सर, मागची दोन-तीन इंजेक्शनं आम्ही बरेच दिवस मध्ये ठेवून दिली होती. तेवढ्यात बधिर रिसेप्टर शुद्धीवर आले असतील, आणि उरली ती घंटेची सवय."

"हे प्रबंधात का नाही?"

"घंटा ही पद्धत आहे असं कुणाच्या डोक्यातच नाही आलं, सर. ती... ती मॅडमची घंटा आहे."

परीक्षक खुर्चीत मागे टेकले. "घंटेने अंग तयार होतं हे जुनंच आहे. पण मग तुमचं म्हणणं पडलं. सवय घंटेने लागली, रिसेप्टरचा संबंध काय? नाव बदला प्रबंधाचं. उंदीर आणि घंटा."

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायचं होतं ते रोशनीने. मी घंटा वाजवणारी, तेवढ्यापुरतीच मोठी. रोशनीने पिंजऱ्यांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळताना मी बघितला.

"सर, घंटा कापूसवाल्यांनी पण ऐकली आहे. तेवढ्याच वेळा. निकोटीन पण तेवढंच मिळालंय. घंटेनेच सवय लागत असती तर त्यांना पण लागली असती. त्यांचे रिसेप्टर बंद होते, म्हणून निकोटीन आल्याचं मेंदूला कळलंच नाही. मग घंटा कशाची, हे तो काय शिकणार? घंटा वाजवून दोन्ही गटांना सुई देऊ. निकोटीनवाले गरम राहतील. कापूसवाले गार पडतील."

"आणि नाही पडले तर?"

"तर प्रबंध चूक आहे, सर."

"दाखवा," परीक्षक उठले.

उरलेले अर्धे उंदीर प्राणीगृहातच होते. झालरी आणि गुलाबपाणी मागे सोडून आम्ही चौघं तिकडे गेलो. प्रल्हादभाऊ पाठोपाठ आले, त्यांना मी बाहेरच्या पायरीवर बसवलं. आत भुशाचा तो ओळखीचा वास, कूलरची घरघर. मी घंटा काढली. वसाहतीच्या मंडपात हजार माणसांसमोर उभी राहिलेली मी, त्या दिवशी तीन माणसं आणि उंदरांसमोर घंटा नीट धरलीय ना, हे दोनदा बघून घेतलं.

पहिली घंटा. पिंजरे टेबलावर आले. दुसरी. वजनं झाली, सुया भरल्या. तिसरी. निकोटीनवाल्यांच्या पिंजऱ्यात हालचाल थांबली, कान उभे राहिले. प्राचार्यांनीसुद्धा मोबाइल बंद केला.

सुया झाल्या. वाट पाहिली. मग रोशनी थर्मामीटर लावत आकडे सांगू लागली. कापूसवाले गार पडत गेले, एकूण एक. निकोटीनवाला पहिला, जेमतेम थंड. दुसरा, तसाच. तिसरा मिशा पुसत होता. परीक्षक पुढे वाकले. मग शेपटीवर पिवळी खूण असलेला एक आला, आणि तो थंडगार होता. कापूसवाल्यांइतकाच गार. पुढचे पुन्हा ऊबदार.

भिंतीवर आमचा पांढरा फळा आहे. रोशनीने मार्कर उचलला आणि सगळ्यांत आधी त्या गार पडलेल्या निकोटीनवाल्याचा आकडा लिहिला. त्याच्याखाली बाकीचे.

"हा आधी का?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, बाकीचे चांगले आलेत. हा राहून गेला असता."

"असा का निघाला हा?"

"माहीत नाही, सर."

त्यांनी फळ्यावरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग म्हणाले, "घंटेने झालं की या खोलीने, हे अजून सुटं झालेलं नाही. प्रबंधात तसं लिहा. घंटाही लिहा. आणि हा उंदीरही लिहा." खिशातून पेन काढून त्यांनी परीक्षेच्या कागदावर उत्तीर्ण असा शेरा मारला आणि तिथेच सही केली. रोशनी सहीकडे बघत राहिली. तिचे ओठ अजून तसेच पांढरे होते.

परीक्षक मात्र थांबले नाहीत. ते सरळ बाहेर पायरीवर गेले, आम्ही त्यांच्या मागे. प्रल्हादभाऊ धडपडत उभे राहिले.

"तुमच्या मुलीने आकडे घरी बसून लिहिले असतील, असं मी मघाशी तुमच्यासमोर म्हणालो," परीक्षक म्हणाले. "ते मी तुमच्यासमोरच मागे घेतो. आकडे खरे आहेत. मुलगी पास झाली."

भाऊंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे.

"ते तुम्ही असं म्हटलं होतं का साहेब? इंग्रजीत, इतक्या गोड आवाजात!" ते म्हणाले. "मले वाटलं, तारीफ करून राहिले. मी तर टाळी वाजवणार होतो, पण बाकी कोणी वाजवेना."

सगळ्यांत आधी रोशनी हसली. हसता हसता पायरीवर बसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून जे वाहायला लागलं, ते पुसायला भाऊंनी इस्त्रीच्या सदऱ्याची बाही पुढे केली. परीक्षकांनी टाळी वाजवायला सुरुवात केली, आणि या वेळी भाऊंनीही वाजवली.